नवोदयचा प्रवेश आणि तिथलं राहणं: मराठवाड्यातल्या पालकांचे नेहमी येणारे प्रश्न

फॉर्म सुटले की फोनवर तेच तेच प्रश्न येतात, म्हणून सगळे एका जागी लिहून ठेवतोय. मी स्वतः नवोदयमधून शिकलो, आता झेडपीच्या शाळेवर आहे आणि दरवर्षी पाचवीच्या लेकरांचे फॉर्म भरून देतो. माझ्या बघण्यात गणितात कच्ची म्हणून जेवढी लेकरं मागं राहिली तेवढीच कागदात अडकून राहिली, म्हणून कागदावर जरा जास्त लिहिलंय. तारखा आणि बारीकसारीक नियम दरवर्षी थोडे इकडं तिकडं होतात, त्या वर्षाचं माहितीपत्रक वाचल्याशिवाय फॉर्म भरू नका.

१. सर, नवोदय म्हणजे नक्की काय? सरकारी का खाजगी? आमच्या गावात पण "नवोदय" नावाची पाटी आहे.

पाटी बहुतेक क्लासची असणार. जवाहर नवोदय विद्यालय ही केंद्र सरकारची निवासी शाळा, नवोदय विद्यालय समिती चालवते. १९८५-८६ ला पहिल्या दोन सुरू झाल्या, एक हरियाणात झज्जरला आणि दुसरी आपल्या अमरावतीत. सहावी ते बारावी, सीबीएसई बोर्ड, पोरं-पोरी दोन्ही, राहणं शाळेतच. आपल्याकडं छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याची कन्नडला, बीडची गढीला, धाराशिवची तुळजापूरला, नांदेडची शंकरनगरला, हिंगोलीची वसमतला आणि लातूरची लातुरातच. आपल्या जिल्ह्याच्या विद्यालयातच अर्ज करता येतो, "तुळजापूर जवळ पडतंय" म्हणून लातूरवाल्याला तिकडं भरता येत नाही.

२. खरंच फुकट आहे का? आत गेल्यावर काही मागतात का?

राहणं, जेवण, गणवेश, पुस्तकं, वह्या यांचे पैसे नाहीत. साबण-तेल-पेस्टसारखं रोजचं सामान पण शाळेतूनच मिळतं. विद्यालय विकास निधी म्हणून नववी ते बारावीला महिन्याला ६०० रुपये आहेत, त्यातून मुली, एससी, एसटी, दिव्यांग आणि दारिद्र्यरेषेखालची लेकरं सुटतात. आई-वडील सरकारी नोकरीत असतील तर हिशोब वेगळा आहे, त्यांना सहावीपासूनच भरावं लागतं आणि तो आकडा महिन्याला १५०० पर्यंत जातो. बाकी पेटी-बादली आणि भेटायला जायचं एसटीचं भाडं, एवढाच घरचा खर्च.

३. एकूण जागा किती? आणि आपल्या वाट्याला किती?

सहावीला एका विद्यालयात जास्तीत जास्त ८० जागा. त्यातल्या किमान ७५ टक्के ग्रामीण लेकरांच्या, उरलेल्या खुल्या गुणवत्तेवर. एकूण जागांच्या किमान एक तृतीयांश मुलींना. एससी-एसटीला जिल्ह्यातल्या लोकसंख्येच्या प्रमाणात पण १५ आणि साडेसात टक्क्यांपेक्षा कमी नाही, ओबीसीला २७ टक्के केंद्राच्या यादीप्रमाणं (प्रश्न ८ बघा). आता अख्ख्या जिल्ह्यातून फॉर्म येतात हजारोंनी आणि जागा ऐंशी, त्यामुळं लेकरू हुशार असूनही लागलं नाही तर त्याला बोलायचं काम नाही, हे आईबापानं फॉर्म भरायच्या आधीच मनाशी ठरवून घ्यावं.

४. वय किती पाहिजे? एका वर्षी नाही लागलं तर पुढच्या वर्षी परत बसवू का?

परत नाही. सहावीसाठी आयुष्यात एकदाच बसता येतं, पाचवीत असताना. पाचवी दुसऱ्यांदा करून पण चालत नाही.

वयाची खिडकी दरवर्षी एक वर्षानं पुढं सरकते. २०२६-२७ च्या प्रवेशाला १ मे २०१४ ते ३१ जुलै २०१६ या मधला जन्म पाहिजे होता, दोन्ही तारखा धरून. आता मजा अशी की आमच्या पिढीत अर्ध्या वर्गाचा वाढदिवस १ जूनला असायचा, मास्तरनं टाकली ती तारीख. आता ग्रामपंचायतीचा जन्मदाखला असतोय तरी शाळेच्या रजिस्टरला एक तारीख, आधारला दुसरी आणि दाखल्यावर तिसरी असं अजूनही सर्रास निघतं. तिसरीतच सगळ्या तारखा जुळवून घ्या. पाचवीत फॉर्मच्या शेवटच्या दिवशी आधार केंद्रावर रांग लावून काही होत नाही.

याशिवाय लेकरू तिसरी, चौथी, पाचवी ही तिन्ही वर्षं मान्यताप्राप्त शाळेत पूर्ण शिकलेलं पाहिजे, आणि पाचवी ज्या जिल्ह्यात चालू आहे त्याच जिल्ह्याचं रहिवासी पाहिजे.

५. आम्ही खेड्यातच राहतो पण पोरगं तालुक्याच्या इंग्लिश स्कूलला जातं. ग्रामीण धरतील का शहरी?

तुमचं घर कुठं आहे ते नाही, शाळा कुठं आहे ते बघतात. तालुक्याच्या गावाला नगरपालिका किंवा नगरपंचायत असेल तर ती शाळा शहरी, पोरगं रोज खेड्यातून पिवळ्या गाडीनं जात असलं तरी. तिसरी, चौथी, पाचवी या तिन्ही वर्षांत एक दिवस जरी शहरी भागातल्या शाळेत नाव लागलं तरी ते लेकरू शहरी धरलं जातं, नियमात एक दिवस हेच शब्द आहेत. उलट खेड्यातच खाजगी इंग्लिश स्कूल आहे आणि मान्यता आहे तर ग्रामीणच, झेडपीचीच शाळा पाहिजे असं काही नाही.

इथं फसतात ती नगरपंचायत झालेल्या गावातली माणसं. आपल्याकडं बरीच तालुक्याची गावं अलीकडं ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली, लोकांच्या डोक्यात अजून ते "गाव"च आहे, ग्रामीण म्हणून टिक करतात आणि निवड झाल्यावर कागद तपासणीत सापडतात. शंका असेल तर मुख्याध्यापकाला विचारा, यूडायसला (शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत) शाळा ग्रामीण आहे का शहरी ते त्यांना लगेच दिसतं.

शहरी धरलं म्हणजे दार बंद झालं असं नाही, फक्त ग्रामीणच्या ७५ टक्क्यात बसता येत नाही.

६. आम्ही परभणी जिल्ह्यातले. पाचवीला नांदेडच्या निवासी क्लासला टाकलंय, शाळा पण तिकडंच. आता फॉर्म कुठून भरायचा?

खरं सांगू का, कुठूनच नाही. परभणीतून भरावं तर पाचवी परभणीत नाही. नांदेडमधून भरावं तर तुम्ही नांदेडचे रहिवासी नाहीत. क्लासवाले ॲडमिशन घेताना हे सांगत नाहीत, आणि सांगितलं तरी "ते आम्ही बघून घेऊ" म्हणतात.

बघून घेऊ म्हणजे काय ते पण लिहितो. लेकराचं नाव गावच्या शाळेच्या पटावर ठेवायचं आणि लेकरू वर्षभर क्लासच्या हॉस्टेलला. हा धंदा जोरात आहे. पण फॉर्मवर मुख्याध्यापकाची सही असते, खोटं निघालं तर निवड झालेली रद्द होते, मुख्याध्यापकाच्या गळ्यात पण येतं, आणि दहा वर्षाच्या लेकराला आपण पहिलाच धडा खोटं बोलायचा देतो. माझ्याकडं अशी सही मागायला कोणी आलं तर चहा पाजून परत पाठवतो.

त्याच जिल्ह्यात पण खेड्यातून शहरात टाकलं, म्हणजे समजा गेवराई तालुक्यातून बीड शहरात, तर फॉर्म भरता येतो पण शहरी म्हणून (प्रश्न ५).

७. आम्ही ऊसतोडीला जातो. दसऱ्यानंतर गाडी निघते ती पाडव्याला परत. लेकराला नवोदयला बसवायचंय, काय करावं?

हा प्रश्न बीड, धारूर, वडवणी, केज, पाटोदा भागातून दरवर्षी येतो आणि माहितीपत्रकात याचं सरळ उत्तर मिळत नाही म्हणून सविस्तर लिहितो.

पाचवीच्या वर्षी लेकराला सोबत नेऊ नका. आजी-आजोबाजवळ ठेवा, तसं कोणी नसेल तर शाळेत हंगामी वसतिगृह सुरू होतं का ते दसऱ्याच्या आधीच मुख्याध्यापकाला विचारून ठेवा, ते तुमच्यासाठीच असतं. उचल घेतली, टोळीची गाडी दारात आली आणि मग लेकराचं काय करायचं बघू असं केलं की लेकरू गाडीत बसतंच.

सातारा-सांगली-कोल्हापूरकडं नेऊन तिकडच्या शाळेत नाव घातलं तर जिल्हा बदलला, विषय संपला. शिक्षण हमी कार्डावर (स्थलांतर करणाऱ्या लेकराला तिकडच्या शाळेत बसता यावं म्हणून मिळतं ते) तिकडं तात्पुरतं बसवलं तरी नंतर हजेरीवरून वाद निघू शकतो, मी तर म्हणतो ती रिस्क घेऊच नका. तिसरी-चौथीचं पण तसंच, तिकडची शाळा शहरी हद्दीत निघाली तर ग्रामीणचा हक्क जातो.

दुसरी अडचण परीक्षेची. ती हंगामाच्या ऐन मध्यात येते, पूर्वी जानेवारीत व्हायची (२०२५ ला १८ जानेवारीला झाली) आणि त्यानंतरची तर १३ डिसेंबर २०२५ लाच झाली. सेंटर आपल्याच जिल्ह्यात असतं. त्या दिवशी लेकराला सेंटरवर कोण नेणार हे जाण्याआधी ठरवा, मामा असो, चुलता असो, नाहीतर वर्गशिक्षक. आणि फॉर्ममध्ये मोबाईल नंबर असा द्या की जो गावात चालू राहील, फडात रेंज नसते आणि मेसेज हुकतात. मुकादमाचा नंबर दिलेले फॉर्म पण मी बघितलेत.

८. आम्ही एनटी / व्हीजे / एसबीसी आहोत, आम्हाला कोणत्या खान्यात टिक करायचं? आणि मराठा असेल तर?

ही केंद्राची शाळा, त्यामुळं राज्यातले खाने इथं नाहीत. केंद्राकडं एससी, एसटी, ओबीसी आणि बाकी जनरल. एनटी-व्हीजे-एसबीसीवाल्यांनी आपली जात केंद्राच्या ओबीसी यादीत आहे का ते आधी बघायचं, असेल तर ओबीसी टिक करायचं, आणि दाखला केंद्राच्या नमुन्यातला काढायचा. राज्याच्या नमुन्यातला नॉन क्रिमिलेअर घेऊन गेलेले पालक तपासणीच्या दिवशी तहसीलला पळतात. राज्याचं एसईबीसी (मराठा आरक्षणाचा प्रवर्ग) इथं चालत नाही. कुणबी नोंद निघाली आणि दाखला हातात आला असेल तर ओबीसी, नाहीतर जनरल. "काम चालू आहे, दाखला येईल" यावर टिक करू नका, दाखला दाखवता आला नाही की जागा जाते.

९. फॉर्म मोबाईलवरून भरता येतो का? सीएससीवाला ३०० मागतोय.

येतो, आणि फॉर्मला फी नाही. शाळेत सांगा, आम्ही भरून देतोच. लेकराचा फोटो, लेकराची सही, पालकाची सही, मुख्याध्यापकाच्या सही-शिक्क्याचं प्रमाणपत्र आणि रहिवासाचा पुरावा एवढं लागतं. आधारवर पत्ता दुसऱ्या जिल्ह्याचा असेल (पुण्याला कामाला असताना काढलेलं आधार, हे फार असतं) तर आधी तो बदला किंवा तहसीलचं रहिवासी प्रमाणपत्र काढा.

लेकराची सही लेकरानंच करायची. आईनं केलेली सही लगेच ओळखू येते.

चूक झाली तर मुदत संपल्यावर दोन-तीन दिवस दुरुस्तीला मिळतात पण त्यात मुलगा-मुलगी, प्रवर्ग, ग्रामीण-शहरी, दिव्यांग आणि परीक्षेचं माध्यम एवढंच बदलतं. बाकीचं चुकलं ते चुकलं.

१०. पेपर कसा असतो? मराठीत असतो ना?

मराठीत असतो, फॉर्ममध्ये जे माध्यम टाकलं त्यात. दोन तास, ८० प्रश्न, १०० मार्क. मानसिक क्षमतेचे ४० प्रश्न ५० मार्काला, अंकगणिताचे २० प्रश्न २५ ला, भाषेचे २० प्रश्न २५ ला. म्हणजे प्रत्येक प्रश्न सव्वा मार्काचा. चुकल्याला मार्क कापत नाहीत, त्यामुळं एकही गोल रिकामा सोडायचा नाही.

अर्धे मार्क आकृत्यांचे आहेत आणि शाळेत त्या कोणी शिकवत नाही, तिथंच फरक पडतो. वेगळी आकृती ओळखा, आरशातली प्रतिमा, अपूर्ण नक्षी पूर्ण करा, लपलेली आकृती शोधा, घडी घालून भोक पाडलेला कागद उघडल्यावर कसा दिसेल, असे दहा प्रकार आणि प्रत्येकाचे चार प्रश्न. भाषेत चार उतारे आणि प्रत्येकावर पाच प्रश्न, व्याकरणाचं पाठांतर करून उपयोग नाही, वाचायची सवय पाहिजे. गणित लसावि-मसावि, अपूर्णांक, दशांश, नफा-तोटा, परिमिती-क्षेत्रफळ असं.

उत्तरं ओएमआरवर (गोल रंगवायच्या उत्तरपत्रिकेवर) निळ्या-काळ्या बॉलपेननं. वर्षभर पेन्सिलनं लिहिलेलं लेकरू त्या दिवशी पहिल्यांदा पेन धरतं आणि गोल रंगवता रंगवता दहा मिनिटं घालवतं, खोडलेलं तर चालतच नाही. दिवाळीनंतर सराव पेनवरच घ्या.

११. क्लास लावल्याशिवाय लागतच नाही म्हणतात, खरं का? आमच्या इथं वर्षाचे ८० हजार सांगतात.

क्लासला जाऊन लागलेली पण आहेत आणि न जाता लागलेली पण आहेत. क्लासवाले लागलेल्यांचे फोटो फ्लेक्सवर लावतात, न लागलेल्यांचे कोण लावतंय. ८० हजार कर्ज काढून देण्यासारखं त्यात काही नाही, हे माझं स्पष्ट मत.

घरी करता येतं. घडीच्या प्रश्नासाठी वहीचं पान घ्या, दोनदा घडी घाला, दाभणानं एक भोक पाडा आणि उघडायच्या आधी लेकराला विचारा किती भोकं आणि कुठं. चार दिवसात ते तुम्हालाच फसवायला लागतं. आरशाच्या प्रश्नाला दाढीचा आरसा पुस्तकाला उभा लावा. जुने पेपर घड्याळ लावून सोडवा, आठवड्याला एक, आणि चुकलेला प्रश्न का चुकला ते लेकराच्या तोंडून वदवून घ्या. स्कॉलरशिपची तयारी चालू असेल तर बुद्धिमत्ता आणि गणिताचा बराच भाग त्यातच होतो.

दहा वर्षाच्या पोराला पहाटे चारला उठवून दहा तास बसवणारे क्लास आहेत. तसलं लेकरू आत आलं की सहावीतच पुस्तकाला कंटाळलेलं असतं, माझ्या वर्गात पण दोघं-तिघं तशी होती.

१२. झेडपीचं मराठी लेकरू एकदम सीबीएसईला कसं टिकेल?

एकदम नाही टाकत. सातवी-आठवीपर्यंत मातृभाषेचा आधार असतो, त्यानंतर गणित-विज्ञान इंग्रजीतून आणि समाजशास्त्र हिंदीतून. सहावीचे पहिले सहा महिने इंग्रजीला जड जातात, सगळ्यांनाच, आणि सगळेच सारखे असल्यामुळं लाज वाटत नाही हा मोठा फायदा. गंमत म्हणजे इंग्रजीपेक्षा हिंदी आधी सुधारते कारण बरेचसे सर-मॅडम बाहेरच्या राज्यातले. मार्क मात्र सहामाहीला पडतात, गावात पहिला येणारा पोरगा तिथं पस्तिसावा येतो आणि आईबाप हादरतात. हादरू नका, तिथं सगळेच आपापल्या गावात पहिले आलेले असतात.

१३. एकजण म्हणतोय दोन लाख द्या, वेटिंगमधून काढून देतो.

चोर आहे. निवड परीक्षेच्या मार्कावर आणि आरक्षणावर होते, शिफारस चालत नाही, आमदाराचं पत्र पण नाही. वेटिंग लिस्ट खरी असते, निवड झालेल्या लेकरानं प्रवेश घेतला नाही किंवा कागदात बाद झालं (प्रश्न ५, ६, ८) तर पुढच्याला बोलावतात, तुमचा नंबर त्यात असेल तर तसाही लागणार. हे लोक दहा जणांकडून पैसे घेतात, दोघांचं आपोआप होतं, ते ठेवून घेतात आणि आठ जणांना परत देतो म्हणून फिरवतात.

१४. निवड झाली! सोबत काय काय द्यायचं?

अभिनंदन. यादी विद्यालयाकडून मिळते, माझ्याकडून एवढंच की पत्र्याची पेटी मध्यम घ्या, फार मोठी कॉटखाली जात नाही. कुलूप चांगलं, चाव्या तीन, एक लेकराच्या गळ्यात करगोट्याला, एक हाऊस मास्तरकडं, एक घरी. बादलीवर, मगावर, चादरीवर, अगदी बनियनवर पण पक्क्या शाईनं नाव टाका. सोनं-चांदी, मोबाईल, जास्तीचे पैसे नको. फराळ द्या पण दोन दिवसाचाच, पेटीत मुंग्या होतात आणि तसाही तो पहिल्या रात्रीच संपतो.

जायच्या आधी महिनाभर तीन गोष्टी शिकवा, स्वतःचे कपडे धुणं, अंथरूण घडी करणं आणि पोट दुखतंय-ताप आलाय हे मोठ्या माणसाला नीट सांगणं. शेवटची सगळ्यात महत्त्वाची. लेकरं लाजून अंगावर काढतात.

१५. दिवसभर काय करतात तिथं?

पहाटे शिट्टी, मैदानावर पीटी, आंघोळ, नाष्टा, प्रार्थना, मग शाळा. दुपारी जेवण, थोडा आराम, परत अभ्यासाचे तास, संध्याकाळी खेळ, हजेरी, रात्री जेवण आणि झोपायच्या आधी अभ्यासिका. अरावली, निलगिरी, शिवालिक, उदयगिरी असे चार हाऊस असतात आणि सात वर्षं लेकराची ओळख तीच होते, पन्नाशीचे माजी विद्यार्थी भेटले तरी आधी "कोणतं हाऊस" विचारतात.

जेवणाबद्दल तक्रार करणार, ती आम्ही पण केली. पोटभर असतं, घरच्यासारखं नसतं. ज्वारीची भाकरी सुट्टीत आल्यावर पहिल्या दिवशी करून ठेवा.

१६. लेकरू फोनवर रडतंय, म्हणतंय घेऊन जा. काय करू? आई पण जेवत नाही.

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, आणि बहुतेक रात्री दहाला येतो.

पहिले तीन-चार आठवडे रडणं ठरलेलं. ते संध्याकाळी जास्त होतं, खेळ संपल्यावर आणि जेवणाच्या आधी, आणि घरचा आवाज ऐकला की उफाळतं. फोन ठेवल्यावर पाच मिनिटांनी तेच लेकरू रांगेत ताट वाजवत उभं असतं, तुम्ही मात्र रात्रभर जागे. फोनवर "तुझी आई रडतीय", "म्हस व्याली, तू पाहिजे होतास" असलं बोलू नका. आज काय शिकवलं विचारू नका, ताटाला शेजारी कोण होतं विचारा, दोस्ताचं नाव सांगायला लागलं की समजा रुळलं.

दिवाळीपर्यंत थांबा. दिवाळीची सुट्टी संपताना परत एकदा रडेल, तेव्हा पण पाठवा. घाईत दाखला काढला तर परत प्रवेश नाही, हे पक्कं.

पण प्रत्येक रडणं सारखं नसतं. लेकरू बोलायचंच बंद झालं, वजन उतरलं, अंथरूण ओलं करायला लागलं, एखाद्या मोठ्या पोराचं नाव काढलं की गप्प होतं, तर हाऊस मास्तर आणि प्राचार्यांना जाऊन समोरासमोर भेटा. मोठी पोरं कामं सांगतात, कपडे धुवायला लावतात हे निवासी शाळेत होत नाही असं म्हणणारा माणूस निवासी शाळेत राहिलेला नाही. तक्रार केली की थांबतं. आणि इतकं करूनही दिवाळीनंतर लेकरू खचलेलंच असेल तर घरी आणा, लोक काय म्हणतील याचा विचार करू नका, गावच्या शाळेत शिकून पण माणसं मोठी होतात.

१७. मोबाईल देता येतो का? भेटायला कधी जायचं?

मोबाईल बंद आहे, चोरून दिलात तर जप्त होतो आणि तुम्हालाच बोलावतात. शाळेच्या फोनवरून बोलता येतं, वेळ ठरलेली असते. भेटायचा दिवस महिन्यातून एक रविवार, कोणता ते प्रत्येक विद्यालय ठरवतं. डबा न्यायला हरकत नाही, फक्त एक करा, शेजारच्या कॉटवरच्या लेकराचं पण धरून न्या. सगळ्यांचे आईबाप दर महिन्याला येऊ शकत नाहीत, प्रश्न ७ मधले तर नाहीच.

१८. मुलीची निवड झालीय पण आजी आणि चुलते नको म्हणतात.

मुलींचं वसतिगृह वेगळं, मेट्रन आणि हाऊस मिस्ट्रेस तिथंच राहतात, गेटवरून कोणालाही नेता येत नाही, पालकाचा फोटो आणि सही जुळल्याशिवाय सोडत नाहीत. घरच्यांना बोलून सांगण्यापेक्षा भेटीच्या रविवारी आजीलाच घेऊन जा, आधी शिकत असलेल्या एखाद्या मुलीच्या आईशी बोलायला लावा. आमच्या भागात हा उपाय मास्तरच्या भाषणापेक्षा जास्त चालला. आणि गावात आठवीनंतर शाळा नसली की मुलीचं काय होतं ते आजीला आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं.

१९. नववीला बाहेरच्या राज्यात पाठवतात म्हणे? नाही म्हटलं तर?

हो, मायग्रेशन. नववीतली ३० टक्के लेकरं एका वर्षासाठी दुसऱ्या भाषेच्या विद्यालयात जातात, आपली हिंदी पट्ट्यात आणि तिकडची आपल्याकडं. आधी मर्जी विचारतात, पण प्रवेशाच्या वेळीच पालकानं तयारी लिहून दिलेली असते, त्यामुळं निवड झाल्यावर नाही म्हणायला जागा नाही, सहावीतच लक्षात ठेवा. दहावीला लेकरू परत आपल्याकडं येतं. तिकडून आलेली पोरं पोळ्याला बैल रंगवायला सगळ्यात पुढं असतात आणि वर्षाअखेर "काहून बे" म्हणत परत जातात.

२०. आजारी पडलं तर?

नर्स असते, किरकोळ औषध तिथंच, जास्त असेल तर जवळच्या सरकारी दवाखान्यात नेऊन तुम्हाला कळवतात. दमा, फिट, ॲलर्जी असलं काही असेल तर प्रवेशाच्या वेळी लपवू नका.

२१. दहावी झाली, ९५ टक्के आहेत. नवोदयलाच ठेवू का काढून लातूरला नीटसाठी टाकू?

मराठवाड्यात हा प्रश्न येणारच. लातूर पॅटर्नचं नाव मोठं आहे आणि तिथं तयारी चांगली होते हे खरं, पण फी, रूम, मेस मिळून दोन वर्षांचा खर्च काही लाखात जातो, आणि पाच वर्षं शिट्टीवर उठलेलं लेकरू एकदम मोकळ्या रूमवर राहायला जातं, हे कोणी हिशोबात धरत नाही. नवोदयच्या लेकरांसाठी दक्षणा फाउंडेशनची निवड परीक्षा असते, त्यात लागलं तर जेईई-नीटची दोन वर्षांची तयारी मोफत, ती आधी द्या. तुमच्या विद्यालयात अकरावीला विज्ञान शाखा आणि त्या विषयांचे कायम शिक्षक आहेत का ते बघा. शिक्षक आहेत आणि लेकरू स्वतः बसून अभ्यास करतं, तर मी काढणार नाही. लेकरालाच डॉक्टर व्हायचंय, पैशाची सोय आहे आणि विद्यालयात फिजिक्सचा माणूसच नाही, तर काढा.

२२. सहावीला नाही लागलं. आता काय राहिलं?

नववीला आणि अकरावीला रिकाम्या जागा परीक्षेनं भरतात. नववीच्या पेपरला गणित ३५, विज्ञान ३५, इंग्रजी १५, हिंदी १५ मार्क, लेकरू आठवीत त्याच जिल्ह्यात पाहिजे. जागा मोजक्याच असतात पण फॉर्म भरणारे पण कमी.

सैनिक स्कूलची परीक्षा वेगळी, सहावीला १२५ प्रश्न ३०० मार्क, वय ३१ मार्चला १० ते १२. साताऱ्याचं सैनिक स्कूल १९६१ चं, आता मुलींना पण प्रवेश आहे. फी मात्र असते, नवोदयसारखं फुकट नाही. आणि पोराला एनडीएचीच आवड असेल तर दहावीनंतर छत्रपती संभाजीनगरची एसपीआय आहे, एनडीएची तयारी करून घेणारी राज्य सरकारची संस्था, १९७७ पासून.

२३. जुळी लेकरं आहेत, एकाची निवड झाली, दुसऱ्याची नाही. भाऊ म्हणून दुसऱ्याला घेतील का?

नाही. भावंडांसाठी वेगळी जागा किंवा सवलत नाही, जुळ्यांना पण नाही. दुसऱ्याचा नंबर वेटिंगला असेल तर वाट बघा (प्रश्न १३), नसेल तर नववीला बसवा (प्रश्न २२).

लागलेल्याला पाठवायचं का हे दोघांना एकत्र बसवून विचारा, एकेकट्याला विचारलं की दोघं पण तुम्हाला आवडेल तेच उत्तर देतात. मला माहीत असलेल्या एका घरात लागलेल्यानंच नको म्हटलं आणि घरच्यांनी ऐकलं. दुसऱ्या एका घरात पाठवलं, आणि घरी राहिलेल्याला त्याच जून महिन्यात नवी सायकल घेऊन दिली. पाठवायचं ठरलं तर प्रवेशाच्या दिवशी दुसऱ्याला पण सोबत घेऊन जा, पेटी त्यालाच उचलू द्या, भावाची कॉट कोणती ते त्यानं डोळ्यानं बघितलेलं बरं.